पालोमिनो व्हॅलीतली गाढवीण

आज लेकीला घेऊन अमेरिकेतल्या रेनो शहराजवळच्या पालोमिनो व्हॅलीत जाऊन आले. नेवाडाच्या माळरानांवरून पकडून आणलेले रानटी घोडे आणि गाढवं इथून दत्तक देतात. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, पण चारापाणी पुरत नाही म्हणून सरकारच त्यांना उचलून आणतं. कारण पटतं, तरी पोटात तुटतंच.

कुंपणाशी एक करडी गाढवीण होती. पाठीच्या कण्यावरून गेलेला काळा पट्टा, खांद्यांवर आडवा दुसरा. मानेवर डावीकडे अतिथंड धातूने गोठवून उमटवलेला शिक्का, तिथले केस पांढरेच उगवतात. त्या खुणांमध्ये तिचं जन्मवर्षही आहे. मी हात न हलवता उभी राहिले. आधी कान वळले, मग मान. बोटांवर गरम श्वास आला आणि ती लगेच दोन पावलं मागे सरली. अजून अंगावर काटा आहे.

अर्ज मंजूर झाला की जनावर घरी नेता येतं, पण वर्षभर नीट सांभाळलं तरच मालकी मिळते. ही अट मला फार आवडली.

आमच्याकडे जागा नाही. लेक गाडीत बसेपर्यंत मागे वळून वळून बघत होती.