रोल संपवायला काढलेले फोटो

बेळगावातल्या शहापुरात आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे एक खोली, खोलीत लाकडी स्टूल आणि त्यामागे निळा पडदा. बाबा दिवसभर पासपोर्ट साइज फोटो काढायचे, कुणाला शाळेच्या अर्जाला, कुणाला रेशनकार्डाला, कुणाला पासबुकाला. गिऱ्हाईक मराठी असलं तर "जरा वर बघा", कानडी असलं तर "स्वल्प मेले नोड्री". कुणाला कुठलं वाक्य म्हणायचं हे ते माणूस चपला काढेपर्यंत बाबांना कळलेलं असायचं.

रोल 36 फोटोंचा. कुणाला घाईने फोटो हवे असले आणि रोल अर्धाच झालेला असला, की उरलेल्या दोन-तीन फ्रेम बाबा माझ्यावर संपवायचे. "ये गं, बस." मी कधी शाळेच्या ड्रेसात, कधी परकरात, तेल चोपडलेल्या केसांनी स्टुलावर बसायची. ते फोटो कधी छापले नाहीत. निगेटिव्ह मात्र बाबांनी पाकिटांवर तारखा घालून जपल्या.

आज लग्नांच्या फोटोंवर माझं घर चालतं आणि उरलेल्या वेळात बारा वर्षं मी स्वतःचे फोटो काढते आहे. आपल्या भागातल्या दोघीतिघींनी नुकतंच विचारलं, हे काम कसं सुरू केलं म्हणून. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात चुकली होती. बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांचं काम पाहून मी भारावले होते. फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्या साथीने 2000 ते 2004 या काळात त्यांनी दक्षिणेतल्या स्त्रियांच्या प्रतिमा स्वतः त्या वेषात उभं राहून पुन्हा घडवल्या. त्यात रविवर्म्याची लक्ष्मी आहे, तशा सिनेमातल्या आणि पोलिसांच्या फोटोतल्या बायकाही आहेत. मला वाटलं, सीमाभागातली बाई अशीच दोन रूपांत दाखवू. आज्जीचं इरकल लुगडं काढलं. एका फोटोत कासोटा घातला, ती मराठी. दुसऱ्यात गोल नेसले, ती कानडी.

शेजारच्या अक्कांना दोन्ही फोटो दाखवले. त्या कानडी, माहेर बैलहोंगलकडचं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्यातली कानडी कुठली गं? आमची अव्वा तर कासोटाच घालायची की."

इरकल विणतात बागलकोट जिल्ह्यात आणि नेसतात पार कोल्हापूरच्या पलीकडेपर्यंत. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी फोटो काढताना मी विसरले. पुष्पमालांच्या समोर लोकांनी शेकडो वेळा पाहिलेली मूळ प्रतिमा असते. माझ्यासमोर फक्त माझी समजूत होती. आठ महिन्यांचं काम मी बाजूला ठेवलं.

मग सॅम्युएल फोसो हा फोटोग्राफर सापडला. कॅमेरूनमध्ये 1962 साली जन्मलेल्या या माणसाने तेराव्या वर्षी, 1975 मध्ये, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात स्वतःचा स्टुडिओ काढला. गिऱ्हाइकांचे फोटो झाले की रोलच्या उरलेल्या फ्रेमवर तो स्वतःचे फोटो काढायचा आणि नायजेरियातल्या आज्जीला पाठवायचा. हे वाचलं त्या रात्री मी माळ्यावरून बाबांचा डबा उतरवला. 1992 ते 2003 या वर्षांतल्या माझ्या 71 निगेटिव्ह निघाल्या.

तेव्हापासून तेच स्टूल, तोच पडदा. प्रकाश छपरातल्या काचेच्या कौलाचा. पावसाळ्यात बेळगावचं आभाळ दिवसदिवस भरलेलं असतं, तेव्हा त्या कौलातून येणारा उजेड चेहऱ्यावर फार मऊ पडतो. माझे जवळजवळ सगळे चांगले फोटो जुलै-ऑगस्टचे आहेत. फोकसने मात्र रडवलं. कॅमेऱ्यामागे आपण नसल्यावर तो भलतीकडे, बहुतेक पडद्यावर, फोकस धरतो. शेवटी स्टुलावर डोळ्यांच्या उंचीला केरसुणी उभी करून फोकस घेऊ लागले, मग तो मॅन्युअलवर टाकायचा, केरसुणी काढायची आणि दहा सेकंदांच्या टायमरवर जाऊन बसायचं. अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ 8 इतकं लहान ठेवलं तर मान थोडी पुढेमागे झाली तरी निभावतं.

प्रत्येक फोटो एखाद्या कागदासाठी काढल्यासारखा आहे. माझं आडनाव चव्हाण. एका कागदावर ते चवाण आहे, एकावर चौहान. मराठीतून कानडीत, कानडीतून इंग्रजीत आणि परत मराठीत येताना ते असं झिजलं. ज्या कागदावर जसं आहे तसंच मी त्या फोटोखाली लिहिलं.

पहिल्यांदा हे काम एका मोठ्या शहरातल्या जाणकारांना दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "यात सीमा कुठे आहे?" त्यांना 1 नोव्हेंबर हवा होता. त्या दिवशी इथे एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. त्या फेरीत मी शाळेत असल्यापासून चालले आहे आणि बेळगाव कर्नाटकात गेल्याचं दुःख मला खरंच आहे. पण ते झेंडे पाठीमागे लावून मी स्टुलावर बसले असते, तर माझा चेहरा कुणी पाहिलाच नसता. मी नाही म्हटलं. काम परत आलं.

सोबतचं निवेदन लिहायला तीन महिने लागले. इंग्रजीत काही केल्या जमेना, तेव्हा आधी मराठीत लिहिलं, मग अक्कांच्या मुलाबरोबर बसून कानडीत. आपण ओळखपत्र म्हणतो, कानडीत 'गुरुतिन चीटी'. गुरुतु म्हणजे खूण. आपल्या शब्दात समोरच्याने मला ओळखणं आहे, त्यांच्या शब्दात माझ्यावर असलेली खूण आहे. माझ्या फोटोंना दोन्ही शब्द लागतात. इंग्रजी निवेदन त्यावरून एका दुपारी झालं.

प्रिंट 14 बाय 18 इंचाच्या केल्या, म्हणजे 35 बाय 45 मिलिमीटरच्या फोटोचंच प्रमाण. प्रत्येकीच्या पाचच प्रती. सुती कागद पावसात ओल धरून वळतो, म्हणून छपाई डिसेंबरात. गेल्या वर्षी त्या एका समूह प्रदर्शनात लागल्या.

मालिकेतली शेवटची फ्रेम ऑगस्टमधली आहे. टायमरचा लाल दिवा लुकलुकत होता. बाबा काठी टेकत दारात येऊन उभे राहिले. माझी हनुवटी खाली गेली असावी. सवयीने म्हणाले, "स्वल्प मेले नोड्री." मला, आपल्याच लेकीला, कानडीत आणि अहो-जाहो करून. मी वर बघितलं आणि क्लिक झालं.