दोन गोलांची आघाडी आणि निसटलेले विजेतेपद

२०२२-२३ च्या इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये आर्सेनल गुणतालिकेत २४८ दिवस पहिल्या स्थानावर होता आणि तरीही विजेतेपद मँचेस्टर सिटीकडे गेले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत इतके दिवस अग्रस्थानी राहूनही विजेतेपदाला मुकण्याची वेळ त्यापूर्वी कोणत्याही संघावर आली नव्हती. या हंगामाचा विषय निघाला की दोन ठरावीक मते ऐकू येतात: सिटीपुढे कोणाचाच निभाव लागला नसता हे एक, आणि आर्सेनलची तरुण मंडळी ऐन वेळी कचरली हे दुसरे. आर्सेनलचा समर्थक म्हणून मी एप्रिलमधले ते सामने पुन्हा पुन्हा पाहिले आहेत आणि मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

आधी हे लक्षात घ्यायला हवे की पहिले सात-आठ महिने हा संघ खरोखरच उत्कृष्ट खेळत होता. निम्मा हंगाम संपला तेव्हा १९ सामन्यांत ५० गुण जमा होते (विजयाला तीन गुण, बरोबरीला एक). विश्वचषकात आघाडीवीर गाब्रिएल जेझुसचा गुडघा दुखावल्यावरही एडी एन्केटियाने त्याची उणीव फारशी भासू दिली नाही. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध अगदी शेवटी विजयी गोल करून ३-२ असा सामना जिंकून देणारा तोच होता. फेब्रुवारीत एव्हर्टनकडून पराभव, ब्रेंटफर्डशी बरोबरी आणि घरच्या मैदानावर सिटीकडून १-३ अशी हार, असा एक खडतर टप्पा आला. (ब्रेंटफर्डचा तो गोल ऑफसाइडमुळे रद्द व्हायला हवा होता, हे पंचांच्या संघटनेनेच नंतर मान्य केले. त्या दोन गुणांची हळहळ मला अजून वाटते.) पण संघ त्यातून सावरला आणि त्याने सलग सात सामने जिंकले. बोर्नमथविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ९७व्या मिनिटाला रीस नेल्सनने विजय खेचून आणला, तेव्हा हा संघ दडपणाखाली कोसळतो असे म्हणण्याची कोणाची हिंमत झाली नसती. १ एप्रिलला लीड्सला ४-१ असे हरवल्यानंतर आर्सेनलचे २९ सामन्यांत ७२ गुण होते, तर एक सामना कमी खेळलेल्या सिटीचे ६४.

मात्र घसरणीचे मूळ कारण तोपर्यंत घडून गेले होते. १६ मार्चला युरोपा लीगमध्ये स्पोर्टिंग लिस्बनविरुद्ध मध्यवर्ती बचावपटू विल्यम सालिबाची पाठ दुखावली आणि तो उरलेल्या हंगामात मैदानावर परतला नाही. त्याच सामन्यात बचावपटू ताकेहिरो तोमियासूही जायबंदी झाला, ज्याचा उल्लेख सहसा होत नाही. तोमियासू उपलब्ध असता तर बेन व्हाइटला उजव्या बाजूकडून मध्यभागी आणता आले असते. तो पर्यायही एकाच संध्याकाळी नाहीसा झाला.

सालिबाची जागा घेणारा रॉब होल्डिंग प्रामाणिक आणि कष्टाळू खेळाडू होता आणि पराभवाचे खापर त्याच्या माथी फोडणे मला अन्यायाचे वाटते. पण प्रशिक्षक मिकेल आर्तेताची सगळी रचनाच बचावफळी मध्यरेषेजवळ उभी करण्यावर बेतलेली होती, आणि पाठीमागच्या मोकळ्या मैदानात प्रतिस्पर्ध्याला धावून गाठणारा सालिबासारखा वेगवान बचावपटू असेल तरच तसे उभे राहता येते. तो नसताना बचावफळी काही पावले मागे सरकली, तिच्यात आणि मधल्या फळीत अंतर पडले, आणि पुढे जाऊन चेंडू हिसकावणाऱ्या मधल्या फळीतल्या ओडेगार्ड व झाका यांच्या पाठीमागे प्रतिस्पर्ध्यांना मोकळी जागा मिळू लागली. सालिबा खेळला त्या २७ लीग सामन्यांत आर्सेनलने २५ गोल स्वीकारले; उरलेल्या ११ सामन्यांत १८.

असे असले तरी दुखापतीने सगळ्याचा उलगडा होत नाही. ९ एप्रिलला अ‍ॅनफिल्डवर दोन गोलांची आघाडी घेऊन २-२ अशी बरोबरी पत्करावी लागली, ते मी समजू शकतो. लिव्हरपूलच्या मैदानावर उत्तरार्धात जे वादळ उठते ते भल्याभल्यांना झेपत नाही, आणि त्या दिवशी सालाहची पेनल्टी हुकली नसती आणि अखेरच्या क्षणांत आर्सेनलचा गोलरक्षक रॅम्सडेलने थक्क करणारे गोल अडवले नसते तर तो एक गुणही हाती लागला नसता.

त्यानंतरच्या रविवारी वेस्ट हॅमच्या मैदानावर जे घडले ते मात्र आजही पचत नाही. जेझुस आणि ओडेगार्डने पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल केले होते, वेस्ट हॅमचे खेळाडू भांबावलेले होते आणि तिसरा गोल केला असता तर सामना तिथेच संपला असता. त्याऐवजी आर्सेनलने खेळाचा वेग उतरवला. चेंडू आपल्याकडे ठेवण्यात गैर काहीच नाही, परंतु पुढे जाण्याचा हेतूच नसलेले, एकमेकांच्या पायांत रेंगाळणारे पास प्रतिस्पर्ध्याला सावरायला वेळ देतात. वेस्ट हॅमचा कर्णधार डेक्लन राइसने थॉमस पार्टेकडून चेंडू हिसकावला, त्यातून पेनल्टी मिळाली आणि बेनराहमाने गोल केला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला आर्सेनलला पेनल्टी मिळाली आणि साकाने चेंडू खांबाबाहेर मारला. दोनच मिनिटांत जॅरड बोवेनने बरोबरी साधली. आघाडी ३-१ होण्याऐवजी २-२ झाली. माझ्या मते विजेतेपद गेले ते या दोन मिनिटांत, आणि साकाच्या चुकलेल्या फटक्यापेक्षाही त्याआधीच्या चाळीस मिनिटांच्या सैल खेळाला मी अधिक दोष देतो. सालिबा असता तरी मधल्या फळीतला तो ढिलेपणा त्याला भरून काढता आला नसता.

२१ एप्रिलला तळाशी असलेल्या साउदॅम्प्टनविरुद्ध भीती उघड दिसली. रॅम्सडेलचा पास चुकून अर्ध्या मिनिटाच्या आत पहिला गोल पडला, आर्सेनलचाच जुना खेळाडू थिओ वॉलकॉटने दुसरा केला, आणि १-३ अशा पिछाडीवरून अखेरच्या मिनिटांत ३-३ अशी बरोबरी साधण्यात सगळी ताकद खर्ची पडली. बरोबरीच्या गोलानंतर खेळाडूंनी चेंडू उचलून मध्यरेषेकडे धाव घेतली, ते पाहताना त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होते आणि अभिमानही.

पाच दिवसांनी एतिहादवर, म्हणजे सिटीच्या घरच्या मैदानावर, सिटीने ४-१ असा धुव्वा उडवला. तो सामना निर्णायक मानला जातो, पण आर्सेनलचा संघ तेथे पोहोचला तो आधीच खचलेला. मे महिन्यात चेल्सी आणि न्यूकॅसलवर चांगले विजय मिळाले, मग घरच्या मैदानावर ब्रायटनने ३-० असे हरवले, आणि २० मे रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-१ असा पराभव होताच सिटीचे विजेतेपद निश्चित झाले. शेवटच्या नऊ सामन्यांत आर्सेनलला २७ पैकी १२ गुण मिळाले.

सिटीने फेब्रुवारीअखेरपासून लीगमध्ये सलग बारा सामने जिंकले, ही गोष्ट कोणी नाकारत नाही. पण एप्रिलमधल्या त्या तीन बरोबऱ्यांत हुकलेले सहा गुण मिळाले असते तर आर्सेनलचे ८४ ऐवजी ९० झाले असते आणि सिटीचे एकूण गुण ८९ होते. सिटीने गमावलेले अखेरचे पाच गुण विजेतेपद निश्चित झाल्यावरचे होते, त्यामुळे ही बेरीज काही सिद्ध करत नाही. एतिहादवर उतरताना संघाच्या खांद्यावरचे ओझे किती कमी असते, एवढे मात्र ती सांगते.

क्लबच्या धुरिणांचाही यात वाटा होता. जानेवारीत ट्रोसार्ड, जोर्जिन्हो आणि किव्हिओर आले. पहिल्या दोघांचा उपयोगही झाला. पण विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या संघाकडे सालिबाच्या जागी तशाच पद्धतीने खेळू शकणारा तयार बचावपटू नसावा, हे नियोजनातले अपयश होते. किव्हिओरला लीगमध्ये सुरुवातीपासून खेळवायला मे महिना उजाडला, हा उशीर मला समजलेला नाही.

त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने डेक्लन राइसला दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजून आणले. पुढच्या हंगामात सालिबा लीगचे सर्व ३८ सामने खेळला, संघाने केवळ २९ गोल स्वीकारले आणि ८९ गुण मिळवले. सिटीने ९१ गुण मिळवून त्या वर्षीही विजेतेपद राखले, पण शेवटच्या १८ सामन्यांपैकी १६ जिंकलेल्या त्या आर्सेनलला कोसळलेला संघ कोणीही म्हणू शकत नव्हते.