‘ऑफ तास’, नोंद ७ : पक्याचा आवाज फुटला

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत चौथा भाग हातावेगळा करणार. झाला नाही. कॅमेरा बिघडला नाही, पाऊस आला नाही, शाळेनेही नाही म्हटलं नाही. पक्याचा आवाज फुटला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ‘ऑफ तास’ ही आम्ही रविवारी रविवारी शूट करतोय ती मालिका. वाईतल्या एका हायस्कूलची गोष्ट, सहा भाग, प्रत्येकी बारा ते पंधरा मिनिटं. आठवीत सेमीची तुकडी वेगळी निघते, सानिका ‘अ’त जाते, पक्या आणि बारका ‘क’त उरतात, आणि तिघांची मैत्री तिथून उसवायला लागते. मी दिवसभर बँकेत असतो. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा आहे, त्यामुळे तुळशीचं लग्न लागलं की कॅमेराही गेला आणि मित्रही. म्हणून दिवाळीची एवढी घाई.

चौथ्या भागातले दोन सीन आम्ही मेमध्येच उरकले होते, तेव्हा वर्ग रिकामे होते म्हणून. बाकीचे चार दिवाळीत घ्यायचे होते. गोष्टीत मात्र हे सगळं एकाच दिवशी घडतं. सकाळी परिपाठ, मधल्या सुट्टीत भांडण, पाचव्या तासाला बाई गैरहजर म्हणून ऑफ तास, संध्याकाळी घाट. सुट्टीच्या पहिल्या रविवारी गणपती घाटावर पक्याने पहिलंच वाक्य म्हटलं, ‘सान्या, तू पण ना,’ आणि मी हेडफोन काढून कान चोळले. मेमधला तो किंचित चिरका पोरगा गेला कुठे? हा कुणी घोगरा काका बोलत होता, आणि ‘ना’वर पुन्हा वर सटकत होता.

मग जे जे करून पाहिलं ते सांगतो, म्हणजे तुमचे रविवार वाचतील.

आधी रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या आवाजाची पट्टी चढवली. चार अर्धस्वर वर नेला तर कार्टूनमधली खार बोलायला लागली. मुलांचा आवाज फुटतो तेव्हा तो शेवटी साधारण एक सप्तक खाली उतरतो, म्हणजे बारा अर्धस्वर. शिवाय नुसती पट्टी बदलत नाही, घसाही मोठा झालेला असतो, त्यामुळे आवाजाचा पोतच वेगळा. पट्टीच्या बटणाने तो परत येत नाही. मग उलटं केलं, मेच्या सीनवर त्याच्याकडूनच नव्या आवाजात डबिंग करून घेतलं. ओठ नेमके जुळले. पण तेवढ्याशा चेहऱ्यातून तो आवाज निघताना पाहून बायको म्हणाली, ‘याला काही लागलंय का?’ तिसरा प्रयोग त्याच्या चुलतभावाचा. तो अकरा वर्षांचा आहे, आवाज जवळपास मेसारखा, पण पक्या वाक्याच्या मध्येच श्वास घेतो आणि हा वाक्य संपवून घेतो. दोन मिनिटांचा सीन, साडेतीन तास, आणि तरी खोटं वाटतंय.

या गडबडीत एक चांगली गोष्ट झाली, ती म्हणजे वर्गातला घुमारा गेला. चाळीस पोरांनी भरलेला वर्ग आणि रिकामा वर्ग यांत आवाजाचा जमीनअस्मानाचा फरक असतो. पोरं, दप्तरं, कपडे सगळा आवाज पिऊन टाकतात. रिकाम्या वर्गात सिमेंटच्या भिंती, पत्र्याची कपाटं, फरशी, त्यामुळे प्रत्येक वाक्य विहिरीत बोलल्यासारखं. पहिल्या भागावर तुम्ही सगळ्यांनी याच कारणाने झोडलं होतं मला. या वेळी आईकडून सहा गोधड्या मागून आणल्या. दोन फळ्यासमोरच्या भिंतीवर खिळ्यांना, दोन खिडक्यांना, दोन जमिनीवर, फक्त फ्रेममध्ये येणार नाहीत अशा बेताने. फरक ऐकून साउंड बघणारा आमचा पोरगा टाळ्याच वाजवायला लागला. पंखे बंदच ठेवावे लागतात, त्याला इलाज नाही. दर टेकनंतर सगळी पोरं वह्यांनी वारा घेतात आणि आम्ही पावडरचा डबा फिरवतो. सीन संपला की अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसती खोली रेकॉर्ड करा. एडिटिंगला ती शांतता सोन्याच्या भावाची असते.

ट्यूबलाइटमुळे चित्रावर येणाऱ्या पट्ट्यांबद्दल दोघांनी विचारलं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिचकावते. ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवलं तर त्या मिचकावण्याशी मेळ बसत नाही आणि चित्रावरून काळपट पट्टे सरकतात. कॅमेऱ्याच्या मेन्यूत एनटीएससी (६० हर्ट्‌झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) असेल तर ते बदलून ‘पाल’ (PAL, ५० हर्ट्‌झवाल्यांची) करा, २५ फ्रेम घ्या, शटर १/५० वर बांधून टाका. आमचा कॅमेरा, सोनी झेडव्ही-ई१०, दुकानातून एनटीएससीवरच आला होता आणि पहिले दोन रविवार आम्ही ट्यूब बदलत बसलो होतो. दुसरा अँगल फोनवर घेत असाल तर ती फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या. फोन आपल्या मर्जीने फ्रेम कमीजास्त करतो, आणि लांब टेकच्या शेवटी ओठ आणि आवाज वेगवेगळ्या गावाला निघालेले असतात.

गर्दी अजूनही रडकथाच. चाळीसचा पट दाखवायचा आणि रविवारी येतात चौदा. युनिफॉर्म एक असल्याचा फायदा घेतो: लेन्स लांबची लावायची, तीन बाकांपुरतीच फ्रेम धरायची, आणि पुढच्या शॉटला पुढची पोरं मागे बसवायची. डोक्याचा मागचा भाग कुणी ओळखत नाही. बारका सहा महिन्यांत पक्यापेक्षा उंच झालाय, नाव बदलावं लागेल अशी वेळ. त्याला सध्या प्रत्येक सीनमध्ये बसवूनच ठेवतो.

चौदा वर्षांखालच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी परवानगीचं मनावर घ्या. पक्या तेरा वर्षांचा आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे अशा चित्रीकरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच, आणि दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. आम्ही कुणाला पैसे देत नाही म्हणून यातून सुटतो असं न धरता अर्ज केला. फायदा असा झाला की आठला सुरू, एकला बंद, ही शिस्त आपोआप लागली. पोरांच्या आया खूश, आणि मी सीन आधी नीट लिहून आणायला लागलो.

नीट म्हणजे माझ्या मते नीट. सानिकासाठी लिहिलं होतं: ‘तू माझ्यापासून हे का लपवून ठेवलंस?’ तिने वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला बँकेतले साहेब आठवले. ‘दादा, असं कोण बोलतं?’ मग तूच सांग म्हटलं. ‘सांगायचं की मग. मी काय खाणार होते का तुला?’ तेच ठेवलं. उलट मी हौसेने घातलेलं ‘विषय हार्ड’ तिघांनी मिळून काढून टाकलं, ते आता त्यांच्या मते काका लोक बोलतात.

सुट्टीच्या तिसऱ्या रविवारी वेगळंच लक्षात आलं. पक्या चहाच्या वेळीही बोलत नव्हता. एरवी हा पोरगा घाटावर नारळवाल्याला ‘आम्ही कुठल्या बॅनरचे’ ते रंगवून सांगायचा, कारण शेजारच्या मेणवलीत ‘स्वदेस’ सिनेमाचं शूटिंग झालेलं, त्यामुळे या गावात तो प्रश्न येतोच. आता मान हलवून काम भागवत होता. त्याच्या आईने बाजूला घेऊन सांगितलं, घरीही असंच चाललंय, फोनसुद्धा घेत नाही. मी दोन आठवडे त्याच्यादेखत हेडफोन लावून ‘काय करायचं या आवाजाचं’ म्हणत हिंडत होतो. ते आठवून लाज वाटली.

त्या रात्री चौथा भाग मधोमध कापला. मेचे दोन सीन आता गोष्टीत जूनमध्ये, शाळा भरतानाचे. उरलेले दुसऱ्या सत्रात. मध्ये काळी पाटी आणि नुसती घंटा. पहिल्या भागात परिपाठाला माइकवर सुविचार वाचणारा पक्याच होता, ते मी विसरून गेलो होतो. आता दुसऱ्या सत्रात त्याचं नाव पुकारतात आणि तो उठत नाही, वही बारक्याकडे सरकवतो. भांडण आता त्यावरून. सानिकाचा घाटावरचा सीनही बदलला, आणि माझ्या मते आधीच्यापेक्षा बरा झाला. लिहिलेलं त्याला आधी दाखवलं. वाचून म्हणाला, ‘शेवटी वाचायला लावा ना मला.’

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रविवारी तो शेवट घेतला. अठरा पोरं आली होती. पक्या माइकपाशी गेला, ‘आजचा सुविचार’ म्हणाला, ‘चा’वर आवाज फाटला आणि आख्खी रांग फिसकन हसली. स्क्रिप्टमध्ये हसणं नव्हतं. तोही हसला, घसा खाकरला आणि सुविचार पुरा वाचला. तिसरा टेक. हसण्याच्या जागी आवाजाचं मीटर लाल गेलंय, रेकॉर्डिंग थोडं फाटलंय, पुन्हा घ्यायला कॅमेरा आता लग्नसराई आटोपल्यावरच मिळेल. तसाच ठेवतोय. त्या दीड सेकंदाची फाटलेली टोकं मऊ करायचा सोपा मार्ग कुणाला माहीत असेल तर कळवा, फक्त हसणं गेलं नाही पाहिजे.