देवाब्राह्मणाच्या साक्षीविना

आम्ही दोघंही देव मानत नाही. लग्न मात्र करायचं होतं, आणि जे मानत नाही त्याच्या साक्षीने ते करायचं नाही, एवढं पक्कं होतं. आत्याने मार्ग सुचवला. "अगं, भटजी तासाभरात उरकतील. सात पावलं चाला, फोटो काढा, नोंदणी करून टाका. तुमचा विश्वास आहे की नाही, कोण विचारतंय?"

आत्याचं खरंच होतं. विधी केले की कोणी काही विचारत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाआधी नोटीस नाही, मुदत नाही. आज ठरवा, उद्या लग्न लावा, कागद मागाहून. पण विधी टाळून याच कायद्याखाली नुसत्या सह्या करता येत नाहीत. विधी झालेच नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मला ते पटतं. जे घडलं नाही त्याचा दाखला का घ्यावा? मग आमच्यासाठी उरला १९५४ चा विशेष विवाह कायदा, म्हणजे धर्मविधींशिवाय सरकारी विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न.

दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यायची. ती नोटीस बुकात चढते आणि कार्यालयात सहज दिसेल अशा जागी लागते. पुढचे ३० दिवस कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आली नाही, तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. कायद्याच्या परिशिष्टात नोटिशीचा जो नमुना आहे त्यात नाव, वय, व्यवसाय, पत्ता, तिथे किती काळ राहता, आधी लग्न झालंय का एवढंच विचारलंय. धर्माचा रकाना नाही. तो नमुना वाचताना मला फार बरं वाटलं होतं.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "मुहूर्त कोणता धरलाय?" मी म्हटलं, साहेबांना सोयीची असेल ती वेळ. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पंचांग बघून सांगा हवं तर, घाई नाही." बोलणं अगदी आपुलकीचं होतं. पण धर्म बाजूला ठेवून लग्न करायला आलेल्या माणसालाही मुहूर्त हवाच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. अधिकाऱ्यांच्या खुर्चीमागे देवाची मोठी तसबीर होती, तिला ताजा हार. तिथल्या कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नसणार.

फलकाचं मात्र मला खूप लागलं. जिन्याजवळ काचेची दारं असलेली पेटी, आत टाचण्यांनी लावलेले कागद एकावर एक. आमचा कागद अर्धा झाकला गेला होता, तरी नावं आणि घरचा पत्ता नीट वाचता येत होता. शेजारी एक माणूस एकेका नोटिशीचा मोबाईलवर फोटो काढत होता. कशासाठी, ते विचारायचा धीर मला झाला नाही. पुढे एक अनोळखी गृहस्थ आईबाबांच्या दारात उभे राहिले. "मुलगी असं गुपचूप लग्न का करतेय, तुम्हाला कल्पना आहे का?" बाबा म्हणाले, "गुपचूप नाही, आम्ही साक्षीला आहोत," आणि दार लावून घेतलं. आमचे बाबा असे होते म्हणून निभावलं. ज्यांना घरातूनच धोका आहे, त्यांचा पत्ता सरकारच भिंतीवर लावतं, याचा मला आजही राग आहे.

हरकत तरी कशावर घेता येते? जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं, मानसिक असमर्थता. जवळजवळ याच अटी पुरोहितासमोर उभ्या राहणाऱ्यांनाही लागू आहेत, पण त्यांची नावं कुठे लागत नाहीत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर सोपवलं. आमच्या कार्यालयात मर्जी कुणी विचारली नाही.

याआधीचा १८७२ चा कायदा आणखी कडक होता. आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीही नाही, असं तिथे सुरुवातीला दोघांना लिहून द्यावं लागे. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैनांसाठी ती अट सैल झाली; १९५४ ने ती सगळ्यांसाठी काढली, नोटीस ठेवली.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आई, बाबा आणि, हो, आत्या. एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारतो असं आम्ही मोठ्याने म्हटलं, सह्या केल्या. आत्याचे डोळे भरले होते. बाहेर येताच तिने विचारलं, आता घरी सत्यनारायण तरी घालाल ना? आम्ही नाही म्हटलं. तिने तिच्या घरी घातला, आम्ही जेवायला गेलो.

मामाची काळजी वेगळीच होती. या कायद्याने लग्न केलं की घराण्यापासून तुटतो आणि वारसाहक्क बदलतो, असं त्याने ऐकलं होतं. वकीलबाईंनी समजावलं की १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. आणि आम्ही कुठलाच धर्म मानत नाही त्याचं काय? त्या म्हणाल्या, हिंदू घरात जन्मून वाढलेला नास्तिक कायद्याच्या नजरेत हिंदूच. मामाला हायसं वाटलं. मी त्यांना विचारलं, यातून बाहेर पडायचं असेल तर? दुसरा धर्म स्वीकारला तर बाहेर पडता येतं, असं त्या म्हणाल्या.