आप्पा, कुठं आलाव?

मी लातूरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मुनीम आहे, अकरा वर्षं झाली. बिल्टी म्हणजे मालाची पावती फाडायची, ड्रायव्हरला डिझेलचा अॅडव्हान्स द्यायचा, भाड्याचा हिशोब ठेवायचा आणि गाडी पोचेपर्यंत पार्टीला, म्हणजे माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याला, तोंड द्यायचं हे माझं काम. आणि फोन करायचे. दिवसाला किती फोन करतो ते कधी मोजलं नव्हतं, मागच्या उसाच्या सीझनला जे झालं त्याच्यानंतर मोबाईल उघडून मोजले तर एकाच गाडीला लातूर सोडल्यापासून तासाभरात चार केलेले.

त्या दिवशी तूरडाळ भरून आमची दहा टायरी ट्रक वाशी मार्केटला निघाली होती, संध्याकाळी साडेसातला. ड्रायव्हर आप्पा, आमच्याकडचे सगळ्यात जुने, आम्ही पोरं त्यांना आप्पाच म्हणतो. पाऊण तासात वाशीहून पार्टीचा फोन, गाडी निघाली का, कुठं आली, सकाळी टायमाला लागंल ना. मी लगेच इकडून आप्पांना लावला. "आप्पा, कुठं आलाव?" ते म्हणले, "मुरूड सोडलं बग आत्ता, समोरून लाईट लई मारायलेत." इथंच फोन ठेवायला पाहिजे होता. पण माझ्यासमोर बिल्टीची कॉपी होती, कट्ट्यांचा, म्हणजे पोत्यांचा, आकडा नीट दिसंना म्हणून मी विचारलं, किती कट्टे भरलेत तुमच्या बिल्टीवर. "थांब बगतो," म्हणले. मग ब्रेकचा आवाज आला, मग जो आवाज आला तो सांगता येत नाही.

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या, मागं लाईट नाही, रेडियम नाही. आपल्याकडं सीझनला हे रोजचंच आहे, लातूर, धाराशिव, बीड कुठल्याबी रोडला रात्री निघा, ट्रॉली जवळ आल्याशिवाय दिसतच नाही. मोळ्या काच फोडून केबिनमध्ये घुसल्या, आप्पांचा डावा पाय मोडला, पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. ट्रॅक्टरवाला वाचला, ट्रॉलीवर कुणी बसलेलं नव्हतं. मुकादमाची ऊसतोडीची माणसं पुष्कळदा उसावर बसून जातात, बायाबापड्या लेकरं घेऊन. त्या रात्री तसं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून झोपताना येतो.

दुसऱ्या दिवशी सगळे एकच बोलत होते, ड्रायव्हर फोनवर बोलत होता. खरंय, बोलत होते. पण दुसऱ्या टोकाला कोण होतं हे कुणीच विचारलं नाही, मालकानं नाही, पोलिसांनी नाही.

दवाखान्यात मी आप्पांना म्हणलं, आप्पा तुम्ही उचलायलाच नव्हता पाहिजे. ते शांतपणे म्हणले, "नाही उचलला की तू पुढची ट्रीप दुसऱ्याला देतो बाबा." मला बोलता येईना. कारण मी तसं केलेलं आहे. एका पोरानं दोन तास फोन उचलला नाही म्हणून त्याला चार दिवस गाडी न देता बसवलं होतं, आणि तेव्हा मला वाटलं होतं आपण शिस्त लावली.

पूर्वी गाडीवर किन्नर म्हणजे क्लीनर असायचा, मालकाचा फोन तोच घ्यायचा, ताडपत्री बघायचा, रात्री ड्रायव्हरशी बोलत बसायचा. आता किन्नर परवडत नाही आणि पोरं येतबी नाहीत, मग लोडिंगपासून खाली होईपर्यंत एकटा माणूस. झोप येऊ नये म्हणून गाणी लावायची, डॅशबोर्डवर मोबाईल ठेवून व्हिडिओ चालू ठेवायचा, घरून लेकराचा व्हिडिओ कॉल आला की दोन मिनिटं बघायचं, आठ आठ दिवस घरी जात नाही तो माणूस. रील बघत गाडी चालवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, ते चूकच आहे. पण कामाचे फोन वेगळे. ते तर आम्हीच करतो.

आपल्याकडं कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, त्यात २०१९ च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना हातात मोबाईल वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलं, पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही. रस्ता बघायला मॅप लावला तर चालतं, तेही रस्त्यावरचं लक्ष न हटता. आणि त्याच कायद्यात कलम १८८ आहे, १८४ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल त्यालाही तीच शिक्षा. हे मला आप्पांच्या केसच्या वेळी एका वकिलानं दाखवलं. इतक्या वर्षांत एकाही मुनीमाला किंवा मालकाला हे कलम लागलेलं मी तरी ऐकलं नाही.

अमेरिकेत ट्रकवाल्यांना हातात फोन धरायला जानेवारी २०१२ पासून बंदी आहे. तो नियम आला तेव्हा ड्रायव्हरला दंड २,७५० डॉलरपर्यंत आणि ड्रायव्हरला फोन वापरू देणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत ठेवला होता. मालकाला चौपट! हे वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. त्याच्या आधी २००९ मध्ये तिथल्या व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी ट्रकमध्ये कॅमेरे लावून बघितलेलं, मेसेज टाइप करणाऱ्या ड्रायव्हरला धोका २३ पट, आणि सहा सेकंदातले ४.६ सेकंद नजर रस्त्यावर नाहीच. आपल्या हिशोबानं, गाडी ६० नं चालली तर ४.६ सेकंदात ७५ मीटरच्या वर जाते. मालासकट २८ टनाची गाडी, ७५ मीटर, डोळे बिल्टीवर.

बरं, मला फोन करायची गरजच नव्हती, हे जास्त लागतं मनाला. गाडीला जीपीएस आहे. पुणे हायवेला लागली की सरडेवाडी, पाटस, टोल कटला की फास्टॅगचा मेसेज मालकाच्या मोबाईलवर येतो, ग्रुपवर पडतो. गाडी कुठंय ते कळतं. तरी लावायचो, कारण पार्टीला "आत्ताच बोललो ड्रायव्हरशी" म्हणलं की ती गप बसते.

आता आमच्या ऑफिसात गाडी गेटबाहेर पडली की मी फोन लावत नाही. ड्रायव्हर चहाला, जेवायला थांबला की तोच लावतो, बिल्टी, कट्टे, हिशोब जे काय बोलायचं ते तेव्हा. फोन नाही उचलला म्हणून कुणाची ट्रीप कापायची नाही, हे मालकाकडून कबूल करून घेतलं. मालक आधी लई चिडले, एक पार्टी तुटली पण, दुसरीकडं गेली. घरच्यांना सांगायचं काम मी केलं, ड्रायव्हर लोकांच्या बायकांना एकेकीला, की वहिनी तुम्ही लावू नका, ते लावतील. दोघीतिघींनी विचारलं, मग काळजी वाटली तर काय करावं. मी माझा नंबर दिला. रात्री येतात कधीकधी फोन, मी मेसेज बघून सांगतो, टेंभुर्णीच्या पुढं गेलेत.

आप्पा आता गाडीवर जात नाहीत, पाय पूर्ण वाकत नाही. दुपारी ऑफिसात येऊन बसतात. परवा ते बसलेले असतानाच वाशीचा फोन आला, त्याच पार्टीचा. मी स्पीकरवर टाकला.

"सरडेवाडीचा टोल कटला का?" एवढंच विचारलं त्यांनी.