मायनर

पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा दहाव्या आठवड्यात रक्ताचा साधा रिपोर्ट बघताना डॉक्टरांचं बोट एका आकड्यावर थांबलं. तांबड्या पेशी आकाराने लहान होत्या. लोह कमी पडलं की तशा होतात, पण लोहाच्या गोळ्या चालूच होत्या, म्हणून एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायला सांगितली. त्यातलं माझं एचबी-ए-टू ५.१ आलं, म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त, चार दिवसांनी नवऱ्याचं ५.४. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे नुसते वाहक. मायनरला स्वतःला काही होत नाही. पण दोघंही मायनर असले की दर खेपेला मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक, आणि मेजर म्हणजे जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, शिवाय त्यातून साठणारं लोह काढायची औषधं. वारेचा तुकडा तपासला. मेजर. पुढचं लिहीत नाही.

पुन्हा दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा वार तपासायची, हा स्वस्तातला मार्ग होता. माझ्यात ती ताकद उरली नव्हती. म्हणून आयव्हीएफ करून भ्रूणच तपासून घ्यायचं ठरलं. मूल सहज राहत असताना आयव्हीएफ कशाला, हे नातेवाइकांना समजावता समजावता मी थकले. शेवटी 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढंच म्हणायला लागले.

आधी लॅबला आमच्या दोघांच्या जनुकातला नेमका बिघाड शोधायचा होता आणि त्याच्या खुणा पक्क्या करायला दोन्हीकडच्या आईवडिलांचं रक्त हवं होतं. सासूबाई तयार होईनात. "आमच्या घराण्यात असलं काही नाही." मग ग्रामदेवतेला कौल लावला, उजवी पाकळी पडली, आणि फोंड्याहून पणजीला येताना गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रिपोर्ट आला. सासरे स्वच्छ. मायनर सासूबाई.

इंजेक्शनांचे अकरा दिवस जूनमध्ये आले. वीज जायची, इंजेक्शनं फ्रीजमध्ये, आणि माझा जीव फ्रीजच्या दारात. बाकी त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पोट फुगतं आणि रडू येतं. अकरा बीजं मिळाली, आठ फळली, पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत चार टिकली. प्रत्येकाच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे पुढे ज्याची वार होते त्या भागातून, पाच-सात पेशी काढून राज्याबाहेरच्या लॅबला पाठवल्या आणि भ्रूण गोठवून ठेवले.

रिपोर्टची वाट बघण्याच्या दिवसांत नवरा रात्री मोबाइलवर वाचत बसायचा. सासऱ्यांना मधुमेह, त्यांच्या भावाला हृदयविकार. अमेरिकेत भ्रूणाला अशा आजारांच्या जोखमीचे गुण देणाऱ्या कंपन्या आहेत, हे त्याला सापडलं. त्याने समुपदेशक बाईंना विचारलंच, "पेशी काढल्याच आहेत, तर तेही बघता येईल का?" मला त्याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर उत्तर मलाही हवं होतं.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, थॅलेसेमियात एकाच जनुकातला बिघाड शोधतात, तो आहे किंवा नाही असं सांगता येतं. मधुमेहाचा गुणांक म्हणजे हजारो बारीक फरकांची बेरीज. त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची, आपल्याकडे ती तितकी लागू पडत नाही. त्यात एकाच आईबापाच्या चार भ्रूणांत असा फरक तो किती असणार? शिवाय आपल्याकडचा आयव्हीएफसारख्या उपचारांचा २०२१चा कायदा अशी तपासणी आधीच माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठीच आहे असं म्हणतो. "तुमच्या बाबांचा मधुमेह नातवाच्या ताटाशी जास्त बांधलेला आहे," असंही त्या म्हणाल्या. नवरा हसला. पण परतताना बांबोळीच्या चढावर म्हणाला, "कायदा नसता तर केलं असतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अडीच आठवड्यांनी रिपोर्ट आला. एक मेजर. एकात थॅलेसेमियाचा मागमूस नाही, पण सोळावं गुणसूत्र जादा, म्हणजे तो टिकणारच नाही. उरलेले दोन मायनर. मुलगा की मुलगी हे रिपोर्टात नसतं, कायद्याने सांगता येत नाही. तरी माझ्या आत्याने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला.

क्लिनिकमधल्या कुणीतरी म्हटलं, "आणखी एक सायकल केलीत तर पूर्ण क्लीन मिळू शकेल." हा शब्द मला झोंबला. मी काय मळलेली होते? पण नवऱ्याला पटत होतं. साडेचार लाख गेलेच होते, त्यातले दोन पतसंस्थेचे. एवढं करून मुलाच्या लग्नाच्या वेळी पुन्हा हाच घोळ कशाला, असं त्याचं म्हणणं. मला त्यात चूकही दिसेना. निवडायला मिळालं की माणूस निवडतच सुटतो, मीही सुटले होते.

संध्याकाळी सासूबाई माडाचे झाप वळत होत्या. मी त्यांना रिपोर्ट समजावला, जेवढा मला कळला होता तेवढा. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "मायनर म्हणजे माझ्यासारखाच ना गो?"

"हो आई."

"मग तो काढून टाकायचा म्हणतायत?"

आतून नवऱ्याने टीव्ही बंद केला. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या सायकलची विचारणा करायला तो सोमवारी फोन करणार होता, तो त्याने केला नाही.

दोन मायनरांतला दिसायला जास्त चांगला भ्रूण आधी ठेवला. ही निवड एम्ब्रियॉलॉजिस्टने, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण सांभाळणाऱ्या तज्ज्ञाने केली, आमचं तिथे काही कामच नव्हतं. ही तपासणी शंभर टक्के नसते म्हणून सोळाव्या आठवड्यात गर्भजलही तपासलं. मायनरच. आता सव्विसावा आठवडा चालू आहे. सासूबाई लाथा मोजतात.

दुसरा भ्रूण गोठवलेलाच आहे. कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, फी दरवर्षी. या वर्षीचा फॉर्म परवा आला. नवऱ्याने सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं.