लेनॉक्स बेट: सातबारा कुणाचा?

कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाची पर्यटन-पुस्तिका उघडली की लॉबस्टर, वाळू, दीपगृह, परत लॉबस्टर. हे इथल्या मूळ रहिवासी मिकमाक लोकांचं 'एपेक्वित्क', हे शोधावं लागतं. मला तरी ते फार खुपलं.

समरसाइड हे गाव सोडून काठालगतच्या छोट्या लेनॉक्स बेटाकडे निघालं की 'लॉट १६' अशी पाटी लागते. एखाद्या प्लॉटिंग स्कीमचं नाव वाटतं, आणि आहेही तसंच. सॅम्युअल हॉलंडनं मोजणी करून सगळ्या प्रिन्स एडवर्ड बेटाचे ६७ तुकडे पाडले, एकेक जवळपास वीस हजार एकरांचा. १७६७ साली लंडनमध्ये एका दिवसात त्यांची सोडत निघाली. म्हाडाची काढतात ना, तशी. फक्त इथे अर्जदार होते लष्करी अधिकारी, व्यापारी आणि दरबारी ओळखीची माणसं. बहुतेकांनी बेटाचं तोंडही पाहिलं नाही. मिकमाकांना एक गुंठा नाही. ब्रिटिशांशी त्यांचे तह झाले होते, पण ते मैत्रीचे. जमीन कुठल्याच तहात लिहून दिलेली नव्हती.

मिकमाक माणसं तर त्याआधीच घटत होती. उन्हाळा किनाऱ्यावर, हिवाळा आत जंगलात, हे त्यांचं वर्ष. युरोपची जहाजं नेमकी उन्हाळ्यात यायची, म्हणजे सगळी कुटुंबं किनाऱ्यावर एकत्र असताना. साथ आली की सगळ्यांना गाठायची. आजारी माणूस मासे सुकवणार कधी? वरून कातड्यांच्या व्यापारापायी पोटाची शिकार मागे पडली आणि बेगमीत जहाजावरचे वाळके वाटाणे आले. १६११ साली आलेल्या प्येर बियार या जेझुइट पाद्र्यानं मिकमाकांचा आकडा तीन-साडेतीन हजार धरला होता, तोही शंभरेक वर्षं मासेमारी जहाजांशी संबंध आल्यानंतरचा.

लेनॉक्स सोडतीत नव्हतं. ते पुढे जेम्स माँटगोमरी या स्कॉटिश बड्या असामीला मिळालं. १८००च्या सुमारास मिकमाक कुटुंबं तिथे स्थिरावली, पण कागदावर परक्याच्या जमिनीत. अखेर १८७० मध्ये लंडनच्या अबॉरिजिनीज प्रोटेक्शन सोसायटीनं बेट तेव्हाच्या मालकाकडून मिकमाकांसाठी विकत घेतलं. स्वतःच्याच मुलखात राहायला वर्गणीचे पैसे!

लेनॉक्सवर जायला आज भराव आणि पूल आहे, पण तो १९७३चा. आधी होडी, नाहीतर गोठलेला समुद्र. बर्फ धड जमलेला नाही, धड वितळलेला नाही, अशा दिवसांत वाटच बंद. काठावरचा लाल वालुकाश्म बोटानं खरवडला तरी सुटतो. विकत घेतलेलं ते बेटही समुद्र कडेकडेनं खातोय.